नानाजी अर्जवाले आणि पौर्णिमेचे पाचशे शब्द

मला दुसऱ्याचे कागद वाचायची खोड आहे, हे आधीच कबूल करते. वर्ध्याजवळच्या सेलूला तहसील कचेरीच्या बाजूला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मशीनच्या काचेवर उपडा ठेवायच्या आधी कागद क्षणभर माझ्या हातात सुलटा असतो, आणि तेवढ्यात माझा निम्मा वाचून होतो. कोणाच्या घरी वाटणी झाली, कोणत्या गुरुजींची बदली आली, कोणाच्या सुनेनं अर्ज टाकला, हे मला घरच्यांच्या आधी कळतं. माझे यजमान हेमराज यांचं शेजारीच हार्डवेअरचं दुकान आहे. ते म्हणतात, "प्रमिला, तुह्या तोंडासाठी एक कुलूप मी फुकट देतो." अजून दिलेलं नाही.

पण नानाजींचे कागद मी खोड म्हणून नाही, आवडीनं वाचायची. 'अर्जवाले नानाजी' म्हटलं की तालुक्यातला कोणीही माणूस तुम्हाला त्यांच्या टेबलापर्यंत आणून सोडेल. माझ्या दुकानाच्या भिंतीला लागून टिनाचं छप्पर, त्याखाली टेबल, एक खुर्ची त्यांची आणि एक स्टूल अर्जदाराचं. वय सत्तरीला आलेलं, अंगात रोज धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. फेरफार, वारस, रेशनकार्ड, विहीर, शेजाऱ्याची नाली, कसलाही अर्ज असो, त्यांचं लिहिणं एका पानात संपायचं. "साहेब दुसरं पान उलटत नाई," हे त्यांचं ठाम मत. चाळीस वर्षं ते हेच करत आले.

त्यांची एक पद्धत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याच अर्ज लिहिणाऱ्याकडे पाहिली नाही. अर्ज लिहून झाला की ते तो मोठ्यानं वाचून दाखवत. मग चष्मा काढून विचारत, "हे तुमचंच म्हणणं हाये ना?" समोरच्यानं तोंडानं "हो, माझंच हाये" म्हटल्याशिवाय सहीसाठी पेन मिळायचं नाही आणि अंगठ्यासाठी शाईचा डबा ड्रॉवरमधून बाहेर यायचा नाही. नुसती मान हलवलेली चालत नसे. याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. त्यांचे वडील एका जिनिंगमध्ये गठाणी उचलायचे. एक दिवस मुकादमानं एका कागदावर अंगठा घेतला, काय लिहिलंय ते सांगितलं नाही. तो राजीनामा निघाला. नानाजी तेव्हा नववीत होते. "माह्या बापाले कोणी वाचून दाखवलं असतं ना प्रमिलाबाई, तर आमचं घर येगळं असतं," एवढं बोलून ते पुढच्या अर्जाला लागले. त्यांच्या तोंडून वडिलांविषयी ऐकलेलं तेवढंच.

आता त्यांची खोडही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल मी आरती ओवाळते आहे. त्यांचा प्रत्येक अर्ज एकाच वाक्यानं सुरू व्हायचा: 'अर्जदार हा अत्यंत गरीब असून त्यास कोणाचाही आधार नाही.' आमच्या दुकानाच्या वीजमीटरचा अर्ज हेमराजनी त्यांच्याकडून लिहून घेतला, त्यातही हेच. सहा शटरचं दुकान, आणि अत्यंत गरीब! हेमराज असे चिडले, की दोन दिवस नानाजींना चहा विचारला नाही. नानाजींना त्यात काही चुकलंय असं वाटेचना. "साहेबाले दया आली पायजे ना," ते म्हणाले.

आणि एका अर्जाचा त्यांना फार अभिमान होता. तीन वर्षांपूर्वी जंगलाच्या कडेच्या गावातला शेतकरी डोमाजी आला होता. त्याची कालवड वाघानं मारली, आणि वनरक्षकानं पंचनाम्यात 'कुत्र्यांनी मारली' असं लिहिलं. कुत्र्यांनी मारली तर भरपाई नाही. वनरक्षक घटनास्थळी आलाच नाही, गावात बसून कागद केला, असं डोमाजीचं म्हणणं. नानाजींनी असा अर्ज लिहिला की वाचताना माझ्याही अंगावर काटा आला. पुन्हा पंचनामा झाला, डोमाजीला भरपाई मिळाली आणि त्या वनरक्षकाची बदली झाली. या अर्जाची प्रत मीच लॅमिनेट करून दिली होती. नवीन गिऱ्हाइकाला नानाजी ती दाखवायचे.

पुढे सगळं ऑनलाइन आलं आणि त्यांचं गिऱ्हाईक सरकत सरकत माझ्या काउंटरला आलं. मला वाईट वाटायचं, पण मी काही फॉर्म भरायचे बंद केले नाहीत. दिवसाला दोन-तीन अर्ज आले तरी नानाजी दहाला येत आणि पाचला जात.

गेल्या डिसेंबरात पौर्णिमा माझ्याकडे आली ती फॉर्म भरायला. नानाजींच्या भाचीची, सुलोचनाची मुलगी; त्यांना ती आबाजी म्हणते. सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. वडील नाहीत. आई गावच्या शाळेत खिचडी शिजवते. गाव तेच, डोमाजीचं. बाहेरच्या राज्यातल्या एका विद्यापीठाविषयी तिला कॉलेजातल्या मॅडमनी सांगितलं होतं. निवड झाली तर शिकणं, राहणं, जेवणं सगळं त्यांच्याकडे, आणि तिला हवं तेच शिकायला मिळणार: प्राणी, जंगल, जीवशास्त्र. नाही झाली तर वर्ध्याला मावशीकडे राहून कुठला तरी सहा महिन्यांचा कोर्स करायचा, हे घरात ठरून गेलं होतं. पंधरा जानेवारी शेवटची तारीख.

नाव, गाव, टक्केवारी भरून झाली आणि पडद्यावर एक रिकामा चौकोन आला. वर लिहिलं होतं: 'तुम्ही चुकलात असा एक प्रसंग सांगा. त्यातून स्वतःविषयी काय कळलं? पाचशे शब्द. मराठीत लिहिलं तरी चालेल.'

मी चाट पडले. आजवर इतके फॉर्म भरले, पण कोणी अर्जदाराला 'तुझं काय चुकलं' असं विचारलेलं पाहिलं नव्हतं. चुकी कोणी फॉर्मात लिहितं का? मला त्या विद्यापीठाचंच कुतूहल वाटायला लागलं. कोण बसली असतील ही माणसं, आणि त्यांना हे कशाला हवं असेल?

पण गिऱ्हाइकाचं काम अडवून ठेवायची मला सवय नाही. आजकाल मोबाइलला विचारलं की तो लिहून देतो. मी विचारलं, त्यानं अर्ध्या मिनिटात पाचशे शब्द दिले, ते मी छापून काढले. 'लहानपणापासूनच मला अपयशातून शिकण्याची आवड आहे,' अशी सुरुवात. पौर्णिमानं ते शेवटपर्यंत वाचलं.

"काकू, हे कोणाचं हाये?"

"तुहंच. नाव टाकलं की तुहंच."

"मुलाखतीत याच्यावरच इचारणार हायेत. मी काय सांगू?" तिनं कागद घडी घालून परत दिला आणि ती पलीकडे नानाजींच्या स्टुलावर जाऊन बसली.

नानाजींची कळी खुलली. किती दिवसांनी कोणी त्यांच्याकडे मोठं काम घेऊन आलं होतं! त्यांनी कोरा कागद सरळ केला, तिला चार प्रश्न विचारले आणि लिहायला घेतलं. तासाभरानं त्यांनी चष्मा सारखा केला आणि वाचून दाखवलं. मी मशीन बंद करून भिंतीला कान लावला. 'अर्जदार ही अत्यंत गरीब असून तिचे पितृछत्र हरपले आहे. तिची आई शाळेत स्वयंपाकी असून तुटपुंज्या मानधनावर गुजराण करते. अर्जदारास रोज बारा किलोमीटर जाणे-येणे करावे लागते. तरी मायबाप विद्यापीठाने...' छान लिहिलं होतं. मला तर पदर डोळ्याला लावावा लागला.

"हे तुहंच म्हणणं हाये ना, पोरी?"

तिनं कागद आपल्याकडे ओढून एकदा वाचला. नानाजींनी पुन्हा विचारलं. मग ती म्हणाली, "नाई, आबाजी."

चाळीस वर्षांत त्या स्टुलावरून 'नाही' कोणी म्हटलं नव्हतं. नानाजींना वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही.

"खोटं काय हाये याच्यात?"

"खोटं काईच नाई. पण हे आईचं हाये, बाबाचं हाये, रस्त्याचं हाये. याच्यात मी कुठं हाओ? आणि त्यायनं इचारलं माहं काय चुकलं. गरीब असणं माही चूक हाये काय?"

नानाजी चिडले. मी त्यांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. "मंग तूच लिही! मले काय येते, मी तं अर्जवाला!" त्यांनी कागद टराटरा फाडला. पौर्णिमा उठून बसस्टँडकडे गेली. मी काउंटरवरून उठले, म्हटलं समजूत काढावी, पण त्यांचा चेहरा पाहून परत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरून पत्र्याची पेटी आणली. त्यात त्यांच्या अर्जांच्या प्रती होत्या, कार्बन लावून काढलेल्या, वर्षावर्षांचे गठ्ठे बांधलेले. दिवसभर ते एक एक काढून वाचत बसले. एवढं काय वाचताहेत म्हणून माझा जीव वरखाली होत होता. चहाचं निमित्त करून गेलेच.

"प्रमिलाबाई, हे पाहा," ते म्हणाले. "ही हिंगणीकडची बाई, तिची जमीन दिरानं घेतली. हा केळझरचा पोरगा, त्याले नोकरीवरून काढलं. हा म्हातारा, त्याले पेन्शन पायजे. येगयेगळी माणसं हायेत ना? मले चेहरे आठवतात त्यायचे. पण कागदात सारे एकच दिसते." त्यांनी गठ्ठा पुन्हा बांधला. "आणि मी इचारलं की सारे म्हणाले, हो, माहंच हाये. नाई म्हणाची त्यायची ताकदच नसंल. अडलेला माणूस कशालेबी हो म्हणते."

मी म्हटलं, तुमच्यामुळे त्यांची कामं झाली. ते खरंच होतं. पण नानाजींचं समाधान झालं नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही झालं नाही.

त्यांनी मला पौर्णिमाला फोन लावायला सांगितला. "तिले म्हणा, उद्या येजो. मी लिहिणार नाई. नुसतं आयकीन."

दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर ती आली. नानाजींनी दोन्ही पेनं टोपण लावून खिशात ठेवली आणि हात टेबलावर ठेवून बसले. "सांग," ते म्हणाले, "काईबी सांग. पण आईचं नको, तुहं सांग." पोरगी आधी लाजली, मग सुरू झाली ती थांबेचना. तीन दिवस हे चाललं. माझ्या दुकानात गिऱ्हाईक ताटकळायचं आणि मी भिंतीशी उभी. तिला काय काय माहीत! मोहाच्या फुलांवर कोणतं जनावर आधी येतं, रोही म्हणजे नीलगाय रोज एकाच जागी का लेंड्या टाकते, माकडं आणि चितळं सोबत का फिरतात. नानाजी मध्ये एवढंच विचारत, "तुले हे कसं समजलं?" त्या प्रश्नाला ती खुलून जाई. दर वेळी उत्तर असं निघायचं की तिनं कुठे तरी तासन् तास बसून पाहिलं होतं.

तिसऱ्या दिवशी नानाजींनी विचारलं, "एवढं पाहणारी तू. पाहण्यात चुकली काय कधी?"

तिनं दप्तर मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाली, "पाहण्यात नाई चुकली, आबाजी. पाहूनबी बोलली नाई." आणि तिनं डोमाजीच्या कालवडीचं सांगितलं.

ती तेव्हा चौदा वर्षांची. कालवड मेली त्या सकाळी सगळ्यांच्या आधी ती नाल्यावर पोचली होती. वनरक्षक गजेंद्र आला. गुडघे टेकून ओल्या मातीत बसला. ही बाजूला वाकून पाहत होती, तर त्यानं तिला बोलावून दाखवलं: पावलांपुढे नखांचे टोचे आहेत. वाघ नखं आत घेऊन चालतो, त्याची उमटत नाहीत. ही कुत्र्यांची. कालवडीच्या गळ्याला काही नव्हतं, मागचे पाय आणि पोट फाडलेलं होतं. एवढ्यात गाव जमलं. तीस-चाळीस माणसं, सगळी म्हणायला लागली वाघच होता. गजेंद्रनं विचारलं, "नखं कोणाले दिसली काय?" सगळे म्हणाले, नाही. त्यानं पौर्णिमाकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली. मग लोकांनी ती जागा तुडवून टाकली.

"तो आलता?" नानाजींनी विचारलं. त्यांचा आवाज मला भिंतीपलीकडे जेमतेम ऐकू आला.

"आलता, आबाजी. माह्याजवळच बसला होता."

"मी तं लिहिलं, तो आलाच नाई म्हणून."

"हो. म्हणूनच पहिल्या दिवशी सांगितलं नाई."

टेबलावर तो लॅमिनेट केलेला अर्ज पडला होता. नानाजींनी तो उचलला, वाचला नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला. डोमाजीला त्यांनी नेहमीसारखंच विचारलं होतं, हे तुमचंच म्हणणं हाये ना. डोमाजी म्हणाला होता, माझंच. ते त्याचंच होतं, पण खरं नव्हतं, आणि नानाजींच्या पद्धतीत खरं-खोटं विचारायला जागाच नव्हती. त्या कागदानं एका सरळ माणसाची बदली झाली होती.

मी न राहवून पलीकडे गेले. "पोरी, दुसरं काई लिही," मी म्हटलं. "कॉपी केली असशील, आईशी खोटं बोलली असशील. हे कायले उकरतेस? आबाजीचं वय पाहाय जरा."

"काकू, मी दुसऱ्या कशात एवढी चुकली नाई," ती म्हणाली. मग नानाजींकडे वळली. "पण तुम्ही नको म्हणाल तं नाई लिहीन."

मला वाटलं, आता ते नको म्हणतील. त्यांनी म्हणावं असंच मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. चाळीस वर्षांत एका अर्जाचा अभिमान धरला, तोही जाणार. नानाजी म्हणाले, "मले उद्याचा दिवस दे," आणि चपला घालून निघून गेले. तीन वाजले होते. पाचच्या आधी ते टेबल मी रिकामं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते आलेच नाहीत. एक म्हातारी त्यांच्यासाठी स्टुलावर दोन तास बसून गेली. माझं कशातच लक्ष लागेना; एकाच्या सातबाऱ्याच्या मी दोनाऐवजी बारा प्रती काढल्या. हेमराज म्हणाले, "तब्येत बिघडली असंल." मला तब्येतीची भीती नव्हती, दुसरीच होती: ते टेबल आता कायमचं रिकामं राहील.

तिसऱ्या दिवशी बरोबर दहाला पांढरा शर्ट दिसला. मी शटर अर्धवट सोडून गेले.

"कुठं गेलते?"

"पुलगावले."

गजेंद्रची बदली पुलगावकडच्या एका रोपवाटिकेत झाली होती. नानाजी बसनं वर्धा, तिथून गाडीनं पुलगाव आणि पुढे कोणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून गेले. गजेंद्र पिशव्यांमध्ये माती भरून घेत होता. नानाजींनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: तुमच्याविरुद्धचा अर्ज मी लिहिला.

"मंग? काय म्हणाला तो?"

"पहिले तं हातातली पिशवी खाली ठेवली. हातपाय धुतले. मले खुर्ची दिली. चहा पाजला, प्रमिलाबाई. मी अर्ज लिहिला हे आयकल्यावर पाजला." नानाजींनी चष्मा काढून ठेवला. "मी इचारलं, तुमच्या बाजूनं साक्ष होती ना, त्या पोरीनं नखं पाह्यली होती, तिचं नाव काऊन नाई घेतलं? तं म्हणते, तिची माय गावात खिचडी शिजवते. मी तिचं नाव घेतलं असतं आणि दुसऱ्या दिवशी गावानं तिच्या मायच्या हातचं नको म्हटलं असतं, तं? आणि पोर होती, म्हणते. पोराच्या खांद्यावर कायले ठेवू."

नानाजी टेबलावर डोकं टेकून रडले. मी कचेरीकडे पाठ करून उभी राहिले, जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू नये म्हणून. मलाही आवरलं नाही.

संध्याकाळी पौर्णिमा आली तेव्हा त्यांनी तिला हे सगळं सांगितलं आणि म्हणाले, "लिही." ती घरी गेली. आईला बसवून पहिल्यापासून सांगितलं. सुलोचनानं ऐकून घेतलं आणि तीही म्हणाली, लिही, पण डोमाजीभाऊचं नाव नको, तो शेजारी आहे.

निकाल आत्ताच सांगून टाकते, तुमचा जीव टांगणीला नको. तिला बोलावलं, मुलाखत झाली, आणि ती जुलैत गेली. पण मला सांगायचं आहे ते पंधरा जानेवारीच्या दुपारचं. विद्यापीठातल्या लोकांना ते कधी कळणार नाही, कारण ते निबंधात नाही.

संक्रांतीचा दुसरा दिवस होता. पौर्णिमानं हातानं लिहिलेला निबंध आणला आणि मी तो टाइप केला. डोमाजीच्या जागी 'एक शेतकरी' होता. गजेंद्रनं तिचं नाव का घेतलं नाही, ते शेवटच्या परिच्छेदात होतं. चारशे अठ्ठ्याण्णव शब्द. मी शब्द कमी पडले तर काय, म्हणून धास्तावले होते, आणि पोरीनं मोजून आणले होते. नानाजी पहिल्यांदाच माझ्या काउंटरच्या आत येऊन बसले. पडद्याला नाक लावून त्यांनी वाचायला घेतलं. मनातल्या मनातच वाचलं. एका ठिकाणी बोट ठेवून थांबले.

"'गावानं वनरक्षकाविरुद्ध अर्ज केला.' हे काय?"

"केलता ना."

"गाव लिहिते काय अर्ज? गावाले हात हायेत? लिहिला कोणं?"

ती माझ्याकडे पाहायला लागली. मी की-बोर्डकडे.

"ते नाई लिहिलं मी," ती म्हणाली.

"काऊन?"

"आबाजी, तुम्ही एवढं शिकवलं मले. तुमचं नाव खराब होईन. त्यायले कायले सांगाचं?"

"आता तुनं काय केलं, समजलं काय?" नानाजींचा आवाज चढला नाही. "तुले दिसलं, आणि तू मान खाली घातली. तेव्हा भेव होतं म्हणून. आता माया हाये म्हणून. पण घातली."

पौर्णिमाच्या डोळ्यात पाणी आलं. तिनं खुर्ची ओढली, की-बोर्ड आपल्याकडे घेतला आणि एकेका बोटानं टाइप केलं: 'तो अर्ज माझ्या आबाजींनी लिहिला होता आणि हा निबंध लिहायलाही तेच माझ्यासोबत बसले.' चौकोन लाल झाला. पाचशेच्या वर गेलं होतं. काहीतरी काढावं लागणार होतं.

मी म्हटलं, मातीचं वर्णन काढ. नानाजी म्हणाले, माझ्यासोबत बसले ते काढ, ते कामाचं नाही. पौर्णिमा की-बोर्डच्या बाणांनी पडदा वर-खाली करत राहिली. मग तिनं मधलं एक अख्खं वाक्य निळं केलं: 'तेव्हा मी फक्त चौदा वर्षांची होते आणि एवढ्या माणसांसमोर बोलणं मला शक्य नव्हतं.'

"ते राहू दे," नानाजी घाईनं म्हणाले. "ते खोटं नाई. गजेंद्रभाऊबी तेच म्हणाला, पोर होती."

"त्यायनं म्हटलं ते ठीक हाये, आबाजी," ती म्हणाली. "मी नाई म्हणू शकत."

तिनं वाक्य पुसलं. लाल चौकोन पांढरा झाला. मग माझ्या हातातला माऊस मागून घेतला आणि आम्ही दोघांनी काही विचारायच्या आत सबमिट दाबलं.